दवाखान्यातील यंत्रे, गावातील पाणी आणि आपली मुले

मुलगा किंवा मुलगी बारावी सायन्सला बसली की आपल्या घरांत तीनच शब्द ऐकू येतात : डॉक्टर, नर्स, इंजिनियर. डॉक्टरकीचा नंबर हुकला की मग दोनच वाटा दिसतात. एक तर रस्त्याकडेचा जमिनीचा तुकडा विकून खासगी कॉलेजची फी भरायची, नाही तर 'राहू दे, साधी बी.एस्सी. कर' म्हणून विषय सोडून द्यायचा. या दोहोंच्या मध्ये पुष्कळ कामे आहेत. ती मानाची आहेत, गरजेची आहेत आणि शेतात वाढलेल्या मुलांना विशेष जमण्यासारखी आहेत. त्यांतील दोन प्रकारांची माहिती आम्ही या वेळी देत आहोत. पहिला प्रकार रोग तपासणाऱ्या आणि रोग्याला आधार देणाऱ्या यंत्रांचा व साधनांचा. याला बायोमेडिकल तंत्रज्ञान म्हणतात. दुसरा, माणूस आजारी पडण्याआधीच त्याचे पाणी, हवा, माती, कचरा आणि डास-गोचिडी यांच्यावर लक्ष ठेवण्याचा. याला पर्यावरणीय आरोग्य असे नाव आहे. नावे जड आहेत. कामे मात्र आपल्या ओळखीची आहेत.

ही कामे कशी चालतात हे कळण्यासाठी माकडतापाचे उदाहरण घेऊ. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली आणि आसपासच्या गावांत माणसांना कडक ताप येऊ लागला. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरच्या शास्त्रज्ञांनी तेथे जाऊन या तापाचा विषाणू शोधला आणि तो गोचिडीच्या चावण्याने माणसात येतो हे दाखवून दिले. पुढे बरीच वर्षे हा रोग शिमोगा व त्याच्या शेजारच्या भागापुरताच आहे असे धरले जाई. पण २०१५ साली तो गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात फैलावला. खानापूरच्या जंगलापासून हे तालुके किती जवळ आहेत, ते आमच्या वाचकांना सांगायला नको. काजूच्या हंगामात बागेत वाकून बी गोळा करणारी आणि लाकूडफाट्याला रानात जाणारी माणसेच यात अधिक सापडतात.

आता अशा तापाच्या एका रोग्यामागे किती हात लागतात ते पाहा. डॉक्टर रोग्याला तपासतो, सलाईन लावतो, रक्तस्राव होऊ नये म्हणून जपतो. पण या विषाणूला मारणारे नेमके औषध अजून नाही. म्हणून ताप लवकर ओळखणे आणि तो आणखी पसरू न देणे यालाच सर्वांत अधिक महत्त्व. रोग्याचे रक्त नीट काढून, नळीवर नाव लिहून, बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत पोचवावे लागते. तेथे लॅब टेक्निशियन त्यात विषाणूची खूण आहे का ते पी.सी.आर. यंत्रावर पाहतो. ते यंत्र अचूक चालावे म्हणून दुसरा कोणी त्याची देखभाल करतो. इकडे गावाबाहेर दुसरी तुकडी कामाला लागते. काठीला पांढरे फडके बांधून ते गवतावरून आणि पाचोळ्यावरून ओढत नेतात. फडक्याला चिकटलेल्या गोचिडी चिमट्याने वेचून बाटलीत भरतात. मेलेले माकड कोठे सापडले याची नकाशावर खूण होते. घरोघरी जाऊन रानात जाण्यापूर्वी अंगाला लावायचे तेल देतात, आणि रानातून आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून कपडे उकळत्या पाण्यात टाकायला सांगतात. या दुसऱ्या तुकडीतील बहुतेक जण डॉक्टर नसतात. आणि गोचीड कोठे दडते हे गुरे राखलेल्या पोराला कोणी शिकवावे लागत नाही.

बेळगावकरांना या कामाचा जुना शेजारही आहे. टिळकवाडीत ज्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली लोक सकाळी फिरायला जातात, तेथे एके काळी देवीची लस तयार होत असे.

यंत्रांकडची कामे

मोठ्या दवाखान्यात गेल्यावर आपल्याला खाटा, डॉक्टर आणि नर्स दिसतात. पण खाटेशेजारी जे मॉनिटर, सलाईनचे पंप, व्हेंटिलेटर, बाळांच्या उबेच्या पेट्या असतात त्यांचा सांभाळ कोण करतो, हा प्रश्न आपण विचारत नाही. केंद्र सरकारने २०१५ च्या सुमारास सरकारी दवाखान्यांतील यंत्रांची मोजणी करविली. २९ हजारांहून अधिक आरोग्यकेंद्रांतील साडेसात लाखांवर यंत्रे मोजली गेली. तेव्हा वेगवेगळ्या राज्यांत शेकडा १३ पासून ३४ पर्यंत यंत्रे बंद आढळली. पैसे खर्चून आणलेले यंत्र एका फ्यूजसाठी किंवा एका रबरी नळीसाठी कापडाखाली झाकून पडते आणि रोग्याला जिल्ह्याच्या गावी पाठवावे लागते. यावर उपाय म्हणून सरकारने देखभालीचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला, आणि त्यातून अशा तंत्रज्ञांना काम मिळू लागले.

हे काम म्हणजे नुसती दुरुस्ती नव्हे. चालू यंत्र खरे बोलते की खोटे, हे तपासणे त्याहून मोठे. रक्तदाबाचे यंत्र दहा अंकांनी चुकले तर ज्याला औषध नको त्याला ते मिळते. निर्जंतुक करण्याचा ऑटोक्लेव्ह हा एक मोठा प्रेशर कुकरच. त्यात वाफ १२१ अंश सेल्सियसवर ठरलेला वेळ टिकली नाही, तर आतील कात्री बाहेरून स्वच्छ दिसते पण जंतू जिवंत राहतात. २०२१ साली कोविडच्या लाटेत अनेक जिल्हा रुग्णालयांत हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारे प्लांट बसले. त्यांत दाबाखालची हवा झिओलाइट नावाच्या खड्यांतून जाते, खडे नायट्रोजन धरून ठेवतात आणि सुमारे ९३ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन पुढे येतो. हवा कोरडी नसली, फिल्टर वेळेवर बदलला नाही, तर खडे निकामी होतात. ज्या मुलाने घरच्या बोअरचा स्टार्टर उघडून कॉइल बदलली आहे, त्याला ही भाषा परकी वाटणार नाही.

येथे पालकांना एक महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. 'बायोमेडिकल' या शब्दात वैद्यक आहे म्हणून बायॉलॉजी पुरे, गणित सोडले तरी चालेल, असे समजून पुष्कळ मुले अकरावीला गणित सोडतात. बायोमेडिकल इंजिनियरिंग ही इंजिनियरिंगची शाखा आहे. तिला फिजिक्स आणि गणित लागते. उलट लॅब टेक्निशियन, डायालिसिस किंवा ऑपरेशन थिएटरचा टेक्निशियन व्हायचे तर बायॉलॉजी हवी. निर्णय झालेला नसेल तर अकरावीला दोन्ही विषय ठेवावेत. दोन वर्षे कष्ट अधिक पडतील, पण कोणतेच दार बंद होणार नाही.

मोठ्या पदव्यांवाचूनही या क्षेत्रात मोठे काम झाले आहे, याचे उदाहरण जयपूरचे. तेथील सवाई मानसिंह रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर होते. शाळा फार शिकलेले नव्हते, पण हातात कला होती. परदेशी पद्धतीच्या लाकडी पायाने आपल्या माणसाला मांडी घालता येत नाही, उकिडवे बसता येत नाही, चिखलात उतरता येत नाही, हे त्यांनी पाहिले. डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९६८ च्या सुमारास रबराचा पाय तयार केला. रबर तापवून घट्ट करण्यासाठी त्यांनी ट्रकचे टायर करणाऱ्या दुकानाची मदत घेतली. हाच जयपूर फूट. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कारागिराचे नाव मात्र फार थोड्यांना माहीत आहे, ही खंत आम्हाला येथे नोंदवावीशी वाटते. आज कृत्रिम अवयव बनवण्याचा रीतसर पदवी अभ्यासक्रम आहे. मुंबईत हाजी अलीजवळच्या केंद्र सरकारच्या पुनर्वसन संस्थेत तो चालतो. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेची गोष्टही अशीच. हृदयाची कृत्रिम झडप परदेशातून आणणे गरिबाला परवडत नव्हते. डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या पथकाने वर्षानुवर्षे खपून ती देशात बनवली. आधीचे नमुने चाचणीत फसले. शेवटी ६ डिसेंबर १९९० रोजी पहिल्या रोग्याला ती झडप बसली. त्या पथकात डॉक्टरांइतकेच धातू आणि प्लॅस्टिक जाणणारे इंजिनियर होते.

लॅब, एक्स-रे आणि डायालिसिस ही कामे आपल्याला ठाऊक आहेत, म्हणून त्यांविषयी थोडेच सांगतो. सुई टोचण्याचा धोका असतो, यासाठी हिपॅटायटिस बी ची लस घेतलेली असावी. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे ती कामगारांना देणे ही दवाखान्याची जबाबदारी आहे. एक्स-रे विभागात काम करणाऱ्याला अंगावर किती किरणे पडली हे मोजणारा बिल्ला मिळाला पाहिजे. जो मालक बिल्ला देत नाही, त्याच्याकडे मुलीला ठेवू नये.

विहिरीचे गणित

पर्यावरणीय आरोग्याचे काम खेड्यात आरोग्य निरीक्षकाच्या रूपाने दिसते. जुनी माणसे त्याला अजून सॅनिटरी इन्स्पेक्टर म्हणतात. ब्लीचिंग पावडर टाकणारा माणूस एवढीच त्याची ओळख असते, पण त्या टाकण्यातही शास्त्र आहे. समजा, विहिरीचा व्यास ४ मीटर आणि पाण्याची खोली ३ मीटर आहे. व्यासाचा वर्ग १६, त्याला खोलीने व ३.१४ ने गुणून ४ ने भागले की ३७.६८ घनमीटर, म्हणजे सुमारे ३७,७०० लिटर पाणी येते. चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर दर हजार लिटरला अडीच ग्रॅम या मानाने साधारण ९४ ग्रॅम लागेल. ती बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करावा, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळावे आणि चुना तळाशी बसू द्यावा. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने विहिरीत सोडावी व वर-खाली हलवावी. चुना विहिरीत टाकू नये. एक तासाने पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का ते तपासावे. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असायला हवा. पावडरीचे पोते उघडे राहिले असेल तर तिचा जोर गेलेला असतो, आणि मग हे सारे गणित फुकट. दहावीच्या पुस्तकातील घनफळ असे गावाच्या कामी येते.

परंतु क्लोरीनने जंतू मरतात, खताचा अंश जात नाही. ऊसपट्ट्यात आपण एकराला पोत्यांवर पोती युरिया टाकतो. त्याचा काही भाग पिकाला लागतो, काही पाण्याबरोबर खाली उतरून विहिरीत नायट्रेट म्हणून येतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. पाणी उकळले तर ते कमी होत नाही. पाणी आटते आणि नायट्रेटचे प्रमाण उलट वाढते. वरचे दूध पाण्यात कालवून ज्या तान्ह्या मुलाला पाजतात, त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती अशा पाण्याने घटते आणि मूल निळसर पडते. असे पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसते, जिभेलाही कळत नाही. विहिरीत नायट्रेट किती आहे हे फक्त तपासणीच सांगते, आणि तपासणीला माणूस लागतो. २०१९ साली जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये दर गावातील पाच महिलांना तपासणीची पेटी वापरायला शिकवण्याची तरतूद केली गेली. हे काम पूर्णवेळ नोकरीचे नाही हे खरे. पण ज्या मुलीला रसायनाची आवड आहे, तिला पाण्याच्या प्रयोगशाळेची वाट येथून दिसू शकते.

फवारणीचेही असेच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. पुष्कळ कीटकनाशके रक्तातील कोलिनेस्टरेज नावाच्या द्रव्याचे काम बंद पाडतात. फवारणीच्या हंगामाआधी आणि हंगामात साध्या रक्ततपासणीने त्याची पातळी मोजली, तर माणूस कोसळण्यापूर्वीच धोका ओळखता येतो. कारखान्यातील व शेतातील कामगारांच्या अशा आजारांचा अभ्यास अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेत होतो. पाणी आणि सांडपाण्याचा नागपूरच्या नीरी संस्थेत, जी १९५८ साली सुरू झाली. कोलकात्याची अखिल भारतीय आरोग्यविज्ञान संस्था तर १९३२ पासूनची. ही नावे यासाठी दिली, की आरोग्य निरीक्षकाच्या पदविकेपाशीच वाट संपते असे कोणी समजू नये. हुशार मुलगा पुढे पदवी घेऊन अशा संस्थांपर्यंत पोचू शकतो.

दवाखान्याच्या कचऱ्याचे काम अलीकडचे आहे. पिवळी, लाल, पांढरी आणि निळी अशा चार रंगांत तो वेगळा करावा लागतो, आणि साधारणपणे ४८ तासांपेक्षा जास्त साठवता येत नाही. हे नीट होते की नाही पाहणारी माणसे प्रत्येक मोठ्या रुग्णालयाला लागतात.

कोठे शिकावे, काय विचारावे

कर्नाटकात पॅरामेडिकल बोर्डाच्या पदविका आहेत : लॅब, एक्स-रे, डायालिसिस, ऑपरेशन थिएटर आणि आरोग्य निरीक्षक. दहावीनंतरही त्यांना प्रवेश असतो, पी.यु.सी. सायन्स झालेल्यांना मुदत कमी लागते. गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात या विषयांचे पदवी अभ्यासक्रम आहेत. मुंबईत १९२६ साली स्थापन झालेली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था सॅनिटरी इन्स्पेक्टरची पदविका चालवते, आणि आय.टी.आय. मध्येही एक वर्षाचा ट्रेड आहे. ख्रिस्ती संस्थांपैकी वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज व बंगळूरचे सेंट जॉन्स येथील शिक्षण चांगले समजले जाते. प्रवेशाचे नियम बदलत असतात. ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच वाचावेत, ओळखीच्याच्या सांगण्यावर जाऊ नये.

आमची खरी काळजी वेगळी आहे. दोन खोल्यांत चालणारे 'पॅरामेडिकल इन्स्टिट्यूट' तालुक्याच्या गावांत दिसतात. सहा महिन्यांचा कोर्स, नोकरीची हमी आणि भिंतीवर मोठे फलक. पालक सोसायटीचे कर्ज किंवा बायकोच्या बांगड्या काढून फी भरतात, आणि शेवटी हाती येते ते कोणीच न मानणारे सर्टिफिकेट. यासाठी २०२१ चा राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय कायदा माहीत असावा. त्यात लॅब टेक्नॉलॉजिस्ट, एक्स-रे, डायालिसिस, वैद्यकीय उपकरणांचे तंत्रज्ञ यांच्याबरोबर पर्यावरण संरक्षण अधिकारी व व्यावसायिक आरोग्य अधिकारी यांचाही समावेश आहे. या कायद्याप्रमाणे सहयोगी व्यावसायिक म्हणवून घ्यायला दोन ते चार वर्षांत किमान २,००० तासांचे, आणि आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवून घ्यायला तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तासांचे शिक्षण लागते. सहा महिन्यांच्या कोर्सवाल्याला एवढेच विचारा, की दोन हजार तास तुम्ही कसे भरता. मग विचारा, मान्यता कोणत्या विद्यापीठाची किंवा बोर्डाची; प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात आणि तेथे खाटा किती. शक्य तर त्या रुग्णालयात स्वतः जाऊन या. गेल्या वर्षी पास झालेल्या दोन मुलांशी बोलल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पगाराबद्दल आम्ही गोड स्वप्ने दाखवणार नाही. खासगी लॅबमध्ये सुरुवातीचा पगार तुटपुंजा असतो, रात्रपाळी असते, आणि सरकारी जागा बऱ्याचदा कंत्राटी निघतात. दोन-तीन वर्षे मोठ्या रुग्णालयात काढून हात बसला की मागणी वाढते, हेही तितकेच खरे.

सीमाभागातील वाचकांसाठी आणखी एक. कर्नाटक सरकारच्या नोकरीला कन्नड यावे लागते आणि गोव्यात कोकणीचे ज्ञान मागतात. कोकणी आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात आहे. कन्नडची मात्र मराठी शाळेतील मुले टाळाटाळ करतात, आणि पदविका हाती असूनही जाहिरातीतील त्या एका अटीपाशी अडतात. आठवीपासूनच तिच्याकडे लक्ष द्यावे. रहिवासी व उत्पन्नाचे दाखले निकालाची वाट न पाहता एप्रिलमध्येच काढून ठेवावेत. जूनमध्ये तहसील कचेरीत रांग फार मोठी असते.